फोटो काढला, नाव मिळालं, ते पुन्हा चुकलं: झाडं आणि मासे ओळखताना घसरतं कुठे

गेल्या श्रावणात धाकट्या जावेने कुंडीतल्या झाडाचे सात फोटो पाठवले. सातही फोटोंत तेच पांढरं, भरगच्च पाकळ्यांचं फूल. समोरून, जवळून, वर पावसाचे थेंब. खाली लिहिलं होतं, "ताई, अनंत म्हणून आणलं, तीन वर्षं झाली, वासच नाही. खत कमी पडतंय का?" तिने फोनातल्या ॲपलाही विचारून झालं होतं. पहिल्या फोटोला अनंत, दुसऱ्याला मोगरा, तिसऱ्याला कॅमेलिया, अशी तीन नावं घेऊन ती माझ्याकडे आली होती.

मी म्हटलं, एक पान देठापासून तोड आणि तुटल्या जागी काय येतं ते बघ. दोन मिनिटांत उत्तर: "दूध आलं."

दूध आलं म्हणजे तगर. डबल तगर. अनंताला असा चीक नसतो. तीन वर्षं शेणखत, ताक, गूळपाणी, सगळं त्या तगरीने मुकाट्याने घेतलं आणि तगरीसारखीच फुलत राहिली.

असे फोटो मला आठवड्याला दोन-तीन तरी येतात. कधी फुलाचे, कधी माशाचे, कारण मी रत्नागिरीत राहते आणि परसात झाडं नि मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे असा दोन्हीकडे वावर आहे. तक्रार एकच: "दर वेळी वेगळं नाव येतं." उगम मला आता पाठ झालाय. आपण फोटो काढतो तो डोळ्यात भरेल त्याचा, आणि नाव असतं ते नेमकं डोळ्यात न भरणाऱ्या जागी. पानाच्या बेचक्यात, फुलाच्या पाठीमागे, माशाच्या गळ्याखाली. ॲपला आपण जे दाखवतो तेवढंच ते बघतं. शिवाय ज्या जातीचे फोटो जगात ढिगाने आहेत तिचं नाव ते आधी पुढे करतं. कोकणातल्या परसातलं झाड त्याने फारसं पाहिलेलं नसतं, कॅमेलिया मात्र पोटभर पाहिलेला असतो.

खाली मला वारंवार येणाऱ्या तक्रारी आणि मी सांगते ती तपासणी.

"काल पांढरं होतं, आज गुलाबी दिसतंय. दोन वेगळ्या वेली आहेत का?"

एकच आहे. कुंपणावरची मधुमालती, जिला काहीजण रंगूनची वेल म्हणतात, ती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशी लाल. म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग लटकलेले दिसतात. जास्वंदीच्या कुळातलं हिबिस्कस म्युटॅबिलिस तर हा खेळ एका दिवसात उरकतं: सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी, संध्याकाळी गडद. घाणेरीच्या गुच्छात मधली ताजी फुलं पिवळी आणि कडेची जुनी गुलाबी असतात. हायड्रेंजियाचा रंग तर मातीच ठरवते. आम्लधर्मी मातीत त्यातल्या बऱ्याच वाणांना निळी फुलं येतात, तेच झाड चुनखडीच्या मातीत लावलं की गुलाबी. बोगनवेलीचा जो रंग आपण बघतो ते फूलच नव्हे, ती रंगीत पानं. फूल म्हणजे मधली ती इवलीशी पांढरट नळी.

म्हणून माझा पहिला नियम: ओळख पटवायला रंग वापरायचा नाही. लिहून ठेवा, पण शेवटच्या ओळीत.

माशांच्या बाबतीत तर रंग त्याहून बेभरवशाचा. मासा मेल्यावर रंग उतरतो, बर्फात ठेवला की आणखी फिका पडतो. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात दिसणारा बराचसा माल शीतगृहातला किंवा लांबून आलेला. त्याचा रंग पाहून काहीही ठरवू नका. जिवंत माशाचंही तसंच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करून आलेली मंडळी निळसर-हिरवट फोटो दाखवतात आणि विचारतात हा निळा मासा कोणता. पाणी तांबडा प्रकाश आधी गिळतं, त्यामुळे चार-पाच मीटर खाली लाल मासासुद्धा करडा दिसतो. आणि पोपटमाशांसारख्या जातींत पिल्लू, मादी आणि मोठा नर यांचे रंग इतके वेगळे की जुन्या अभ्यासकांनीही एकाच जातीला दोन-दोन नावं देऊन ठेवली होती. आपण कुठे लागून गेलो.

"अनंत, तगर, मोगरा, कुंद... पांढरं फूल म्हटलं की गोंधळ होतो"

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त फोटो याच घोळातले असतात आणि यातलं प्रत्येक झाड फुलाकडे न बघता ओळखता येतं. खरंच येतं.

चीक आला की मोगरा, जाई, जुई, कुंद आणि अनंत हे पाचही एका झटक्यात बाद. उरते तगर. (चीक डोळ्याला लागू देऊ नका, हात धुवा. तगरीचं एक वेळ ठीक, पण रुई किंवा शेराच्या चिकाने डोळ्यांचे हाल होतात, तेव्हा सवयच लावून घ्यावी.) तगर एकेरी असेल तर पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका बाजूला कललेल्या दिसतात. डबल तगरीत हे भिरभिरं हरवतं, म्हणून तर ती अनंत म्हणून खपते.

चीक नाही, पानं जाड, गडद, चकचकीत आणि समोरासमोर. आता जिथे दोन पानांचे देठ फांदीला मिळतात तिथे बघा. दोन देठांच्या मध्ये, फांदीला कवटाळून, पातळ पापुद्र्यासारखं काहीतरी असतं. कोवळ्या शेंड्यावर ते हिरवं टोपडं घातल्यासारखं दिसतं. ते सापडलं की झाड कॉफीच्या कुळातलं. अनंत त्याच कुळातला, एक्झोराही त्यातलाच, बारतोंडीही. दुसरी खूण कळीची: अनंताच्या कळीखाली हिरव्या, लांब, अरुंद पट्ट्या उभ्या असतात, बोटं ताणल्यासारख्या. तगरीच्या कळीखाली अशा पट्ट्या नसतात, बारीक दातांएवढंच काहीतरी असतं. आणि अनंताचं फूल शिळं होताना लोण्यासारखं पिवळट होतं.

मोगऱ्याचं पान एकच, साधं. जाईचं पान मात्र संयुक्त: एका दांडीवर समोरासमोर बारीक पानांच्या जोड्या आणि टोकाला एक मोठं. कळीवर बाहेरून गुलाबी झाक असते. जुई आणि जाई यांत कायम गल्लत होते, ती फुलावरून सुटत नाही, पानावरून क्षणात सुटते. जुईच्या पानाच्या बुडाशी, देठावर, दोन चिमुकली पानं असतात, अगदी कानाच्या पाळ्यांसारखी. तिचं शास्त्रीय नाव जॅस्मिनम ऑरिक्युलॅटम, त्यातला ऑरिक्युलॅटम म्हणजे कान असलेली. हे कान मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा चाळिशी उलटली होती आणि त्याआधी वीस वर्षं मी त्याच वेलीची फुलं वेचत होते.

कुंद थंडीत बहरतो, वास बेताचा, आणि फुलाखालचा हिरवा भाग केसाळ. बोट फिरवलं की कळतं.

एवढं झालं की पांढऱ्या फुलांच्या तक्रारींतल्या दहातल्या आठ मिटतात. उरलेल्या दोन बहुतेक वेळा अशा असतात की रोपवाटिकेतून संकरित वाण आणलेला असतो. त्याला जातीचं नेमकं नाव देण्याचा हट्ट धरू नये, कुळ आणि गोत्र कळलं तरी खत-पाणी-छाटणीचं काम चालतं.

"आमच्याकडे याला चाफा म्हणतात, ॲप भलतंच सांगतंय"

ॲप बरोबर असू शकतं, आणि तुम्हीही. चाफा हे नाव आपण सुगंधाला दिलंय, झाडाला नव्हे. देवळापुढचा पांढरा चाफा मध्य अमेरिका-कॅरिबियनकडून आलेला, तगरीच्या कुळातला. फांदी बोटाएवढी जाड, बोथट, आणि तोडली की दूध. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. दूध नाही, पण त्याच्या डहाळीवर प्रत्येक पानाच्या जागी बांगडीसारखा गोल वण असतो. हिरवा चाफा सीताफळाचा नातलग, आणि मुळात वेल आहे. फुलाच्या दांड्याला आकडा असतो, त्याने तो आधार पकडतो. नागचाफ्याचं लाकूड लोखंडासारखं, कोवळी पालवी लालभडक, पांढऱ्या चार पाकळ्यांत पिवळ्या केसरांचा गोंडा. भुईचाफा तर हळद-आल्याच्या कुळातला, उन्हाळ्यात पानं येण्याआधी जमिनीतूनच फूल काढतो. पाच चाफे, पाच कुळं. "चाफ्याला कीड लागलीय, काय फवारू" असा प्रश्न आला की मी आधी विचारते, कोणता चाफा.

ब्रह्मकमळाचं तसंच. रात्री उमलतं म्हणून शेजारपाजाऱ्यांना चहाला बोलावून ज्याची आरती होते ते मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. त्याची लांब चपटी पानं म्हणजे पानं नव्हेतच, ती खोडं, आणि फूल त्यांच्या कडेच्या खाचेतून निघतं. हिमालयात उंचावर खडकांत वाढणारं, उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि ते मुंबईच्या गॅलरीत येणार नाही. आरती करायला माझी हरकत नाही. फक्त पाणी निवडुंगाला घालतो तसं बेताने घाला, बहुतेकांची ब्रह्मकमळं कुजून मरतात ती या नावापायीच.

उलट प्रकार माशांत. एकाच माशाला दर दोन खाड्यांनंतर नवं नाव. रायगडात ज्याला जिताडा म्हणून जावयासाठी राखून ठेवतात तोच गोव्यात चणक होऊन रवा फ्रायमध्ये येतो. सुरमई खाली दक्षिणेकडे गेलं की इसवण होते. सरंगा म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे पापलेट येतं तर कुणाच्या हलवा. हॉटेलच्या कार्डावर तर विचारूच नका: रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, सॅमनशी त्याचं काडीचं नातं नाही, मुडदुशीला लेडीफिश म्हणतात, आणि शास्त्रात लेडीफिश नावाचा मासा निराळाच. म्हणून माशाचं नाव विचारताना गाव सांगा. गावाशिवाय माशाचं नाव अर्धंच.

"रावस म्हणून आणला, चव वेगळी लागली"

बंदरावर संध्याकाळी होड्या लागल्या की गर्दी असते, आणि विकणारीला तुमचं पुस्तक ऐकायला वेळ नसतो. मी नवीन होते तेव्हा एका टोपलीसमोर उभी राहून "हा रावसच ना?" असं तीनदा विचारलं. मावशीने हातातला कोयता खाली ठेवला, मासा उताणा केला, कानाच्या फटीमागच्या पराखालून ओल्या दोऱ्यासारखं काहीतरी बोटाने उचललं आणि म्हणाली, "बघतेस काय, मोज."

मोजले. एका बाजूला चार. रावस. शेजारच्या टोपलीतल्या माशाला तसेच पाच निघाले, तो दाढा. दोघेही एकाच कुळातले, तोंड दोघांचंही नाकाखाली दडलेलं, आकार सारखा. फरक त्या दोऱ्यांचा. ओल्या अंगाला ते चिकटून बसतात, त्यामुळे फोटोत दिसत नाहीत. ॲपला ते कधीच दिसणार नाहीत. बोटाने सोडवावे लागतात.

तेव्हापासून मी मासा आधी हाताने बघते. तारलीच्या पोटावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, करवतीसारखं अडकतं. बांगडा पोटावर गुळगुळीत, त्याच्या शेपटीआधी मात्र वर आणि खाली पाच-पाच सुटे बारीक पर. पापलेट आणि लहान हलवा यांत गोंधळ झाला तर शेपटीच्या मुळाशी बाजूने नख ओढा. हलव्याला तिथे खरखरीत, कडक खवल्यांची उभार रेघ लागते, पापलेट तिथे गुळगुळीत. नाव दोघांचं बाजारात शेजारी-शेजारी असलं तरी हलवा पापलेटाच्या कुळातला नाहीच. आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालेलं चंदेरी पापलेट आणि चायनीज पापलेट यांत फरक हवा असेल तर शेपूट बघा: चंदेरीच्या शेपटीचं खालचं पातं लांब, विळ्यासारखं, चायनीजची शेपूट आखूड, दोन्ही पाती जवळपास सारखी.

सुरमईचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे पैसे जास्त जातात. अंगावर उभ्या नागमोडी पट्ट्या ती मोठी सुरमई. ठिपक्यांच्या ओळी असतील तर दुसरी जात, आणि तुटक आडव्या रेघा असतील तर तिसरी. पण लहान सुरमईच्या पट्ट्या थोड्या आणि पुसट असतात आणि बर्फात त्या आणखी पुसतात, म्हणून पट्ट्यांवर थांबू नका. माशाच्या कुशीवरून कानापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. पट्टेवाल्या सुरमईत ही रेघ पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाखाली एकदम खाली वळते, जिन्याची पायरी उतरल्यासारखी. ठिपकेवालीत ती हळूहळू उतरते. मासा तिरका धरून उजेडात बघा. तुकडे केल्यावर मात्र काही करता येत नाही, तेव्हा बघायचं ते कापायच्या आधी.

"कटल्याची बोटुकली सोडली, वाढल्यावर भलताच मासा निघाला"

ही तक्रार मामेभावाची, सोलापूरकडे शेततळं आहे त्याचं. ज्याच्याकडून बोटुकली, म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं, आणली त्याने ती कटलाच म्हणून मोजून दिली होती. सात महिन्यांनी जाळं टाकलं तर निम्मा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. सायप्रिनस तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, बांध पोखरतो, आणि याने हिशोब सगळा कटल्याचा केलेला.

तपासणी सोपी आहे आणि पिशवी फोडण्याआधी करायची. पाच-सहा बोटुकल्या पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात घ्या, भिंग धरा, तोंड बघा. सायप्रिनसला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. कटल्याला मिशाच नाहीत. तोंड मोठं, वर उघडणारं, डोकं अंगाच्या मानाने भलं मोठं. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा. सायप्रिनसचा पाठीवरचा पर लांबच लांब, जवळजवळ शेपटीपर्यंत, आणि त्याच्या सुरुवातीचा कडक काटा मागून दातेरी. हे सगळं पाच मिनिटांत होतं. पिशवी फोडल्यावर सात महिने लागतात.

उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी, म्हणजे तिलापिया, आता इतकी आहे की ओळखायची गरज पडू नये, तरी लहान पिल्लांत शंका आली तर कुशीवरची तीच बारीक रेघ बघा. चिलापीत ती मध्येच तुटते आणि थोडी खाली पुन्हा सुरू होते. नाकपुडीही प्रत्येक बाजूला एकच, कटला-रोहूला दोन-दोन. आणि अंगावर हाडाचं चिलखत, तोंड खाली, चोखल्यासारखं, असा काळा मासा जाळ्यात आला तर तो सकर. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, कुणाच्या तरी घरच्या काचेच्या टाकीतून नदीत आलेला. कंटाळा आला म्हणून मासा नदीत सोडणारा माणूस स्वतःला दयाळू समजतो, हे माझ्या डोक्यात जातं.

"खाल्लं तर चालेल का?"

असा प्रश्न फोटोखाली असेल तर मी उत्तर देत नाही. फोटोवरून कुठलीही गोष्ट खायची नाही, एवढंच लिहिते. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही हृदयावर घात करणाऱ्या विषाच्या. ओळखायला सोप्या आहेत: कण्हेरीची पानं फांदीवर तीन-तीनच्या फेऱ्यात, बिट्टीची पानं एकेक करून गोल वर चढत जातात आणि फळ हिरवं, टपोरं, आत कठीण बिट्टी. पण दोन्ही सारख्याच वर्ज्य, त्यामुळे इथे चुकलात तरी वागणं एकच. माशांत केंड. चोच असल्यासारखे चार सपाट दात, पोटाखाली पर नाहीत, छेडला की फुगतो. त्याचं विष शिजवून जात नाही. जाळ्यात आला तर परत पाण्यात.

"दोन ठिकाणी दोन शास्त्रीय नावं दिसतात, खरं कोणतं?"

कधी कधी दोन्ही. शास्त्रीय नावंही बदलतात, फक्त आपल्या गावच्या नावांपेक्षा सावकाश आणि कागदपत्रं करून. सोनचाफा पूर्वी मायकेलिया चंपाका होता, आता मॅग्नोलिया चंपाका. मधुमालती क्विस्क्वालिस इंडिका होती, ती काँब्रेटम इंडिकम झाली. निशिगंधाला पॉलिअँथीस ट्यूबरोजा म्हणायचे. तो आता घायपाताच्या गोत्रात गेला, अगावे अमीका म्हणून. पापलेटाचंही जुनं पॅम्पस अर्जेंटियस मागे पडून आपल्या किनाऱ्यावरच्या माशाला पॅम्पस कँडिडस म्हणू लागलेत. दोन नावं दिसली की घाबरण्याआधी, एक दुसऱ्याचं जुनं नाव तर नाही ना एवढं शोधा.

फोटो काढायचाच असेल तर

झाडाचा पहिला फोटो चार पावलं मागे जाऊन, म्हणजे झुडूप, झाड की वेल ते कळेल. मग फांदीचा, दोन पानं फांदीला मिळतात तिथला. पान पालथं करून. फूल बाजूने आणि पाठीमागून. समोरून काढायला कुणी सांगावं लागत नाही. तेरड्याच्या फुलाला पाठीमागे लांब, वाकडी शेपटी असते आणि कोकणातले, सड्यावरचे रानतेरडे एकमेकांपासून वेगळे काढताना ती शेपटी आधी बघतात. समोरून काढलेल्या शंभर फोटोंत ती नसते. फळ किंवा शेंग दिसली तर तिचा फोटो फुलापेक्षा मोलाचा. कास पठारावर असाल तर गुडघे टेकून काढा, तोडू नका. कारवीसारखी झुडपं साधारण आठ वर्षांनी एकदा बहरतात, तुमच्या एका फोटोसाठी त्यांनी एवढं थांबलेलं नसतं.

मासा आडवा ठेवायचा, डोकं डावीकडे, ही जगभरची पद्धत आहे आणि त्यामुळे चित्राशी ताडून बघणं सोपं जातं. पर ओल्या बोटाने उघडून ठेवा, शेजारी दहाचं नाणं किंवा पट्टी. तोंडाचा एक, पोटाचा एक. जिवंत असेल तर चटकन काढा आणि सोडा. सगळ्यासोबत तारीख, गाव आणि पाणी कुठलं: समुद्र, खाडी, नदी की तळं. यातली एकही गोष्ट नसेल तर मी परत मागते, आणि लोक वैतागतात. वैतागू दे.

हे सगळं करूनही नाव मिळत नाही तेव्हा

असं होतं. ढोमा माशांच्या कुळात तर हमखास होतं. बाजारात सगळे एकाच ढिगात, सगळे चंदेरी-करडे, सगळ्यांची तोंडं सारखी. त्यांच्यातले काही फरक आत असतात: पोटातल्या हवेच्या पिशवीचा आकार, आणि डोक्यातले दोन पांढरे दगड. हो, ढोम्याच्या डोक्यात दगड असतात, जेवताना दाताखाली आलेत ते तेच. कानाच्या आतली ती हाडासारखी जोडी मासा तोल सांभाळायला आणि ऐकायला वापरतो, आणि जातीप्रमाणे तिच्यावरची खाच वेगळी असते.

गेल्या महिन्यात आणलेल्या एका ढोम्याचं नाव मला अजून लागलेलं नाही. बाहेरून जे बघायचं ते बघून झालं. कालवण झालं, खाल्लं, चांगलं होतं. दगडांची जोडी धुऊन, वाळवून, काडेपेटीत कापसावर ठेवलीय आणि पेटीवर लिहिलंय: मिरकरवाडा, मंगळवार, एक वीत चार बोटं. पुण्याला जाणं होईल तेव्हा एका ओळखीच्या मत्स्यशास्त्रज्ञाला दाखवणार आहे. तोवर वहीत त्या ओळीपुढे "ढोमा, कोणतातरी" एवढंच आहे.